मासीला घोट गिळता आला नाही

मी बोलतेय खरी, पण माझं तोंड बोलण्यासाठी केलेलं नाही. चमचाभर पाणी आत जाण्यापुरतं ते उघडं ठेवलंय. आत एक रबरी नळी आहे, ती पोटातल्या पिशवीत जाते. पिशवी भरली की पाठीकडचं बूच काढून ती रिकामी करायची. रोग्यांची शुश्रूषा शिकणाऱ्या मुली जिच्यावर हात बसवतात ती डमी म्हणजे मी. कापडाच्या दुकानात साड्या नेसून उभ्या असतात त्या माझ्या लांबच्या नातलग. त्यांना नुसतं छान दिसायचं असतं. मला जन्मभर आजारी असायचं असतं.

माझा जन्म अंबाला छावणीतला. तिथे गल्लोगल्ली शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांचं सामान बनतं. माझ्या एका बाजूला तराजू होते, दुसऱ्या बाजूला एक सांगाडा. डोळे रंगवणाऱ्या कारागिरानं मला थोडी घाबरलेली केली. आजारी माणूस असंच बघतं, असं तो शेजारच्याला सांगत होता. मग मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, टेंपोत आडवं घातलं आणि चंदीगडला पाठवलं.

शतक नुकतंच बदललं होतं. मोहालीच्या बाजूला नवी नवी खाजगी इस्पितळं उघडत होती आणि त्यांना रोग्यांची उठबस करणाऱ्या मुली हव्या होत्या. म्हणून एका ट्रस्टनं कम्युनिटी कॉलेज काढलं होतं. नाव मोठं, पण जागा म्हणजे शोरूमच्या डोक्यावरचा एक मजला. शिक्षण अर्ध्यात सुटलेल्या मुलींना वर्षभर कामाचं शिकवायचं आणि पोटाला लावायचं, हा त्यांचा हेतू. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही.

मात्र अभ्यासक्रमाला समितीची मान्यता लागते. मान्यतेशिवाय दिलेलं सर्टिफिकेट कुठलंच इस्पितळ विचारात घेत नाही. समितीचे नियम पुष्कळ होते. खोली केवढी, खिडक्या किती, शिकवणारीचं शिक्षण काय. त्यातच एक नियम असा, की तीस मुलींमागे एक पूर्णाकृती डमी हवी आणि ती चांगल्या स्थितीत हवी. त्या एका ओळीसाठी मी तिथे आले.

मला उतरवून घेतलं प्रतिमाताईंनी. त्या मिरजेच्या. तिथल्या इस्पितळात नर्स होत्या. नवरा, विनायकराव, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. त्यांच्या बदल्यांमागे फिरताना ताईंची नोकरी सुटली ती सुटलीच. चंदीगडला आल्यावर या कॉलेजात शिकवायला मिळालं, तेव्हा त्यांना हरवलेलं काहीतरी सापडल्यासारखं झालं असावं. मुलींशी त्या हिंदी बोलत. त्यांची स्वतःची मुलगी, स्वरालीसुद्धा, त्यांनी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर द्यायची. मग मनातलं मराठी त्या माझ्याजवळ बोलायच्या. मी मराठी शिकले ते असं, माझं कपाट पुसता पुसता त्या बोलायच्या ते ऐकून.

त्यांनी मुलींना माझी ओळख ‘अपनी मावशी’ अशी करून दिली. मुलींच्या तोंडी माझी मासी झाली.

प्रिन्सिपल कृष्णकांतजी भले गृहस्थ होते, पण स्वभावानं भित्रे. त्यांनी बजावलं, “प्रतिमाजी, इन्स्पेक्शन होने तक मासी को कोई हाथ नहीं लगाएगा. एक ही है. कुछ टूट गया तो गए हम.” ताईंना ते पटलं. त्यांच्या माहेरी चांगले कप फक्त पाहुण्यांसाठी बाहेर निघायचे. वस्तू जपायची म्हणजे वापरायची नाही, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं. त्यांनी माझ्या प्लास्टिकवर स्वतःची एक जुनी सुती साडी गुंडाळली आणि काचेच्या कपाटाला कुलूप लावलं.

इन्स्पेक्शन महिन्याभरात होणार होतं. तेवढ्यात वरून अभ्यासक्रमाचा नवा आराखडा आला आणि सगळे कागद पुन्हा करायला लागले. ताईंनी ‘रोग्याशी बोलणे’ असा एक धडा घातला होता. तो समितीनं काढायला लावला. बोलणं मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याला गुण कसे देणार, असं त्यांचं म्हणणं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी तारीख मिळेना. इस्पितळात मुलींना शिकायला पाठवावं, तर तिथले म्हणत आधी मान्यता आणा. समिती म्हणे आधी प्रात्यक्षिकं दाखवा. आणि मी कुलपात.

तेव्हा ताईंनी त्यांना सुचला तो मार्ग काढला. त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये सासरे अंथरुणाला खिळून होते. बाळकृष्णपंत. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. ताईंनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “शिकू देत पोरींना. नाहीतरी मी पडूनच असतो.” त्या दिवसापासून मुली तीन-तीन करून त्यांच्या घरी जायला लागल्या.

मी हे पाहिलेलं नाही. पण मुली वर्गात येऊन सगळं सांगायच्या आणि काचेआडून मला ऐकू यायचं. सर्वात जास्त सांगायची ती सरोज. शहराच्या कडेच्या पलसोऱ्याहून यायची. तिची आई मोठ्या कोठ्यांमध्ये, म्हणजे बंगल्यांमध्ये, भांडी घासायची आणि सरोजही तेच करत मोठी झाली होती. तिला त्यातून सुटायचं होतं. मोहालीच्या एका नर्सिंग होममधल्या मेट्रननं तिला सांगून ठेवलं होतं, सर्टिफिकेट घेऊन ये, मी तुला ठेवून घेते. त्या एका वाक्यावर तिचं वर्ष चाललं होतं.

पहिल्या दिवशी तिनं दादांना भराभर पाणी पाजलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी सरोजलाच उशीवर निजवलं आणि तिच्या तोंडात तसेच भराभर चमचे घातले. सरोज खोकत उठली.

“अब समझी?” ताईंनी विचारलं.

“समझ गई जी.”

मग ताईंनी तिला दादांचा कंठमणी दाखवला. तो वर जाऊन खाली आला की घोट उतरला. तो उतरेपर्यंत थांबायचं. कितीही वेळ लागो, थांबायचं. सरोज ते इतकं शिकली, की वर्गात मैत्रिणी चहा प्यायला लागल्या तरी तिची नजर त्यांच्या गळ्याकडे जायची. मुली तिला चिडवायच्या. दादा मात्र हळूहळू तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून पाणी घेईनात.

मला हेवा वाटायचा. आजारी असणं हे माझं काम, आणि ते करत होते दुसरेच. तरी मी मनात म्हणायचे, होऊ दे, मुली तर शिकताहेत.

समिती शेवटी आली ती जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत. त्याच सकाळी माझी साडी सोडली, प्लास्टिक काढलं आणि मला खाटेवर निजवलं. इतके महिने न हलल्यामुळे माझे सांधे ताठ झाले होते, काखेत कारखान्यातली पावडर तशीच होती. तिघे जण आले. मुख्य होत्या एक शालवाल्या मॅडम, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खोली मोजली, खिडक्या पाहिल्या, चहा घेतला, समोशाला हात लावला नाही. मग म्हणाल्या, “किसी एक लड़की को बुलाइए. पेशेंट को चम्मच से पानी पिलाना है.”

ताईंनी सरोजला पुढे केलं. अर्थात तिलाच.

सरोजनं माझ्या डोक्याखाली दुसरी उशी दिली, हनुवटीखाली रुमाल ठेवला. “मासी, पानी पियोगे?” असं तिनं मला विचारलं. एक सभासद हसले. तिनं चमच्याची कड माझ्या ओठाला लावली. पाणी नळीतून खाली गेलं.

आणि ती थांबली.

तिची नजर माझ्या गळ्यावर होती. माझा गळा प्लास्टिकचा. ती वाट बघत राहिली. मला तेव्हा काय झालं ते कसं सांगू? माझ्यासाठी जन्मात पहिल्यांदा कुणीतरी थांबलं होतं, आणि मला एक घोट गिळून दाखवता येत नव्हता. भिंतीपाशी उभ्या ताईंच्या ध्यानात आलं. त्यांचे ओठ हलले, पण शिक्षकांनी मध्ये बोलायचं नाही असा नियम होता. सरोजलाही कळलंच असणार, की ही डमी आहे. पण तिचा हात उठेना. त्या हाताला घोट उतरण्याआधी उठायची सवयच नव्हती.

“आगे क्या करना है, भूल गई?” मॅडमनी विचारलं.

“जी नहीं,” सरोज म्हणाली. “इन्होंने अभी निगला नहीं.”

आता दोघे सभासद हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी उठून माझा हात वाकवून पाहिला, तो कुरकुरला. काखेतली पावडर त्यांच्या बोटांना लागली. ती त्यांनी रुमालाला पुसली.

“इस पर तो किसी ने हाथ ही नहीं लगाया. प्रैक्टिकल कहाँ हुए हैं?”

कृष्णकांतजी खोकले. ताईंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, “मेरे घर पे. मेरे ससुरजी पर. उनको लकवा है.”

“बहनजी, न कोर्स मंज़ूर, न जगह मंज़ूर, और आपने बीमार आदमी पर लड़कियों से काम करवाया?”

“उनकी मर्ज़ी से.”

“मैं मान भी लूँ, तो लिखूँ कहाँ?” मॅडमनी शाल सावरली. “लोग डमी दिखाने के लिए खरीदते हैं और बच्चों को कुछ नहीं सिखाते. इसीलिए तो ये नियम बना है.”

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. नियम त्यांनी लबाडांसाठी केला होता आणि समोर निघाल्या प्रतिमाताई. जिना उतरताना मॅडम एवढंच म्हणाल्या, की लड़की अच्छी है. ते वाक्य अहवालात गेलं नाही. मान्यता नाकारली गेली आणि त्या मुलींचं वर्ष धरलं जाणार नाही असं पत्र आलं.

ताईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. सरोज उभी राहिली. “मैंने क्या गलत किया जी?”

“काही नाही गं,” ताई म्हणाल्या. मराठीत बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. सरोजला समजलं असावं. तिनं दप्तर उचललं आणि ती खाली उतरून गेली. मेट्रनबाईंनी कागदाशिवाय तिला घेतलं नाही. ती आईबरोबर पुन्हा कोठ्यांमध्ये जायला लागली.

उन्हाळ्यात विनायकरावांची भोपाळला बदली झाली. निघण्याआधी ताई एकट्याच वर आल्या. कपाट उघडून माझ्यापाशी बसल्या. “दादा गेले गं,” म्हणाल्या. “सरोज शेवटपर्यंत येत होती. कामं उरकून यायची, पाणी पाजून जायची.” मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “तुला पहिल्याच दिवशी बाहेर काढलं असतं तर दोन्हीकडे हात बसला असता पोरींचा. मीच जपत बसले.” त्या रडल्या. मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. माझे हात दुसऱ्यानं हलवल्याशिवाय हलत नाहीत.

पुढल्या वर्षी नव्या बाई आल्या. त्या हुशार होत्या. समिती येण्याआधी त्यांनी माझे सांधे तेल घालून सैल केले, गालावर, कोपरांवर खरकागद फिरवला, बोटांवर शाईचे डाग पाडले. मी खूप वापरलेली दिसायला लागले. समिती खूश झाली. अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली, आणि माझ्या खाटेच्या वर ते पत्र चौकटीत लागलं.

आता दर वर्षी मुली येतात. गुणी आहेत, त्यांचा काही दोष नाही. परीक्षेत ग्लासभर पाणी ठरलेल्या वेळात पाजायचं असतं. एकामागून एक चमचे. एक थेंब सांडला नाही तर पूर्ण गुण. माझी पिशवी भरते, मुली पास होतात, सर्टिफिकेट घेऊन मोहालीला जातात. माझ्या गळ्याकडे कुणी बघत नाही. बघून दिसणार तरी काय?

मागच्या हिवाळ्यात सरोज आली होती. अंगावर कुणाचा तरी जुना स्वेटर, हात थंडीनं आणि पाण्यानं फुटलेले. आता मान्यता मिळाली आहे तर माझं ते वर्ष धरता येईल का, असं विचारायला आली होती. नव्या बाई चांगलं बोलल्या. म्हणाल्या, नियमानं तसं येत नाही, पण पुन्हा प्रवेश घे.

“फिर से क्या सीखूँ जी?” सरोज म्हणाली. “जिस कोठी में बर्तन करती हूँ, वहाँ की बूढ़ी बीजी को मैं ही खिलाती-पिलाती हूँ. दो साल से. बस नाम बर्तनवाली का है.”

बाईंना वर्गाची घाई होती. परीक्षा चालू होती, एक मुलगी माझ्या तोंडात भराभर चमचे घालत होती. सरोज दारात उभी राहून बघत होती. तिचा हात नकळत पुढे झाला, त्या मुलीला थांबवण्यासाठी. मग तो तिनं स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला. तिथे तिला काही म्हणायचा हक्क नव्हता. त्या मुलीला पूर्ण गुण मिळाले.

मी आता जुनी झालेय. नळीला भेगा पडल्यात, लवकरच मला बदलतील. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं आणि कामाला एखादी मुलगी आली, तर तिचा कागद जरूर बघा. कागद हवाच. पण तेवढ्यावर दार लावून निघून जाऊ नका. पहिला चमचा तिनं पाजल्यावर ती थांबते का, ते उभं राहून बघा. मी न गिळताही या मुलींना पास करत आलेय. तुमच्या माणसाला गिळायला वेळ लागणार आहे.