बोटीचं दुसरं टोक

ताकाचं पातेलं काढायला कनकलतानं फ्रिजमध्ये हात घातला आणि तो पडला एका मऊ, गार पुडीवर. तिला वाटलं, कढीपत्ता असेल. वर्तमानपत्र उलगडून पाहते तर आत कोंबड्याची मान. मान म्हणजे नुसतं कातडं, मीठ चोळून वाळवलेलं, आणि त्यावर तांबडी पिसं जशीच्या तशी. एका बाजूला ताक, दुसऱ्या बाजूला देवासाठी आणलेली मल्लीच्या फुलांची माळ, आणि मधोमध हे.

तिनं पुडी सांडशीत धरली आणि हात लांब करून परसात आणली. ती सांडशी आता पुन्हा चुलीपाशी यायची नाही, हे तिनं चालता चालताच ठरवून टाकलं.

"अहो! हें काय अहे?"

तिचा नवरा गुरुमूर्ती व्हॅनखालून सरपटत बाहेर आला. बनियनला वंगण, कपाळावरच्या गंधालाही वंगण.

"टाकूं नको तें, कनका! गळाला बांधायचीं पिसें तीं. कसायाला सांगून मुद्दाम आणलों."

"माझ्या फ्रिजांत? ताकाशेजारीं?"

"बाहेर ठेवलों तर उंदीर नेतो नां," तो म्हणाला आणि त्यानं पुडी सांडशीतून अलगद काढून घेतली, तान्ह्या मुलाला घ्यावं तशी.

या सगळ्याची सुरुवात बँकेनं करून दिली होती. बँकेत संगणक आत येत होते आणि माणसं बाहेर पडत होती. स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली, गुरुमूर्तीनं अर्ज दिला आणि तो घरी बसला. मग एका सकाळी उप्पुम्याचा घास तोंडात असताना त्यानं सहज सांगितलं, की उटीला बदली झाली होती ती तीन वर्षं तो दर रविवारी मासे धरायला जात असे.

ती तीन वर्षं कनकलतानं तंजावरात लेकीच्या शाळेपायी एकटीनं काढली होती. नवरा तिकडे थंडीत कुढत असेल, धड जेवत नसेल, या काळजीनं तिनं शनिवार धरले होते. आणि हा देशस्थाचा मुलगा सकाळची संध्या आटोपून चहामळ्याच्या एका मॅनेजराबरोबर तळ्यात होडी घालून बसत होता! गळाला पिसं बांधून खोटा किडा करायचा, लांब काठीनं तो पाण्यावर अलगद टेकवायचा, मासा फसला की ओढायचा, हातात धरून बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा.

"खाल्लों नाहीं," गुरुमूर्तीनं शपथेवर सांगितलं. "एक सुद्धां नाहीं. सगळे सोडलों."

"खाल्ला असतांत तर भूक लागली म्हणून म्हटलें असतें," ती म्हणाली. "खेळायला म्हणून जिवाच्या तोंडांत लोखंड घालायचें? ची ची! कोळी बरा त्यापेक्षां."

त्या दिवशी तिनं त्याचं ताट वेगळं घासलं.

तरीही निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली जुनी मॅटाडोर व्हॅन दारात आली तेव्हा तिनं चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसून देवळापर्यंत जाऊन आली. काचेतून रस्ता केवढा तरी रुंद दिसत होता. कालव्यांना पाणी सुटलं होतं, शेतांत लावणी चालली होती. मासे काय, दोन-चार दिवसांचं खूळ, असं तिनं मनाला समजावलं. व्हॅनमध्ये माणूस झोपू शकतो, चहा करू शकतो. हंपी होईल, म्हैसूर होईल, बंगळूरला लेकीकडे, जननीकडे उतरता येईल. खिडक्यांना पडदे म्हणून फिकट निळं कापडही तिनं पेटीतून काढून ठेवलं.

मग बोट आली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. नागपट्टणमच्या कुणा कोळ्यानं वापरून टाकलेली फायबरची छोटी बोट. लॉरी पापनाशमपाशी बंद पडली म्हणून ती एक दिवस उन्हात तापून आली होती आणि तिच्या पोटात वाळलेले खवले चिकटलेले होते. परसातून तो सुकटीचा वास स्वयंपाकघरात आला, तिथून देवघरात गेला, आणि तिथेच राहिला. कनकलतानं पदर नाकाला लावून लांबूनच बादलीभर फिनेल फेकलं.

"मी ह्याला हात लावायची नाहीं," ती म्हणाली. "सांगून ठेवतें. जन्मांत नाहीं."

गुरुमूर्तीनं मान हलवली. बँकेत खातेदाराची सूचना ऐकून घेताना हलवायचा तशी.

आता कनकलताचं पहिलं 'नाही' म्हणजे काय, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. कॉफीला ती आधी नको म्हणायची. नव्या लुगड्याला नको म्हणायची. या गुरुमूर्तीचं स्थळ आलं तेव्हाही ती आधी नकोच म्हणाली होती. तिला पुन्हा विचारावं लागे, आणि तिसऱ्या खेपेला ती कुरकुरत उठे. तशीच आताही ती वाट बघत होती. त्यानं एकदा विचारावं, चलतीस कां म्हणून. ती नाक मुरडणार होती, देवधर्म काढणार होती, माशांचे तळतळाट काढणार होती, आणि मग डबा भरून पुढच्या सीटवर बसणार होती. पण नाही म्हणायला तरी आधी कुणी विचारायला हवं ना.

गुरुमूर्ती काही विचारत नव्हता. तो पिसं बांधत बसे. डोळ्याला भिंग, ओठांत दोरा. एकदा तर तिच्या देवकार्याच्या नऊवारीच्या पदराची जर त्यानं न विचारता उसवली आणि एका खोट्या किड्याच्या पोटाला गुंडाळली. "चमकतें नां पाण्यांत," तो म्हणाला. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लग्नात नेसलेलं लुगडं, आणि त्याची जर कुठल्या माशाच्या जबड्यात!

ओरत्तनाडूच्या रस्त्यावर लॉऱ्यांच्या बॉड्या बांधणारा रामस्वामी वेल्डिंगचं सामान घेऊन घरीच येऊ लागला. पहिल्यांदा मागच्या सीटा निघाल्या आणि ओसरीवर येऊन पडल्या. मग व्हॅनच्या टपावर कांबी बसल्या, आणि मागे बोटीचं नाक टेकवायला एक आडवी कांब. मागच्या कडेला लाकडी रूळ बसला, टपावरून पुढे दोरी गेली आणि पुढच्या बंपरला हातानं फिरवायची चरखी लागली. परसात दिवसभर ठिणग्या उडत होत्या. तुळशीच्या पानांवर काळी भुकटी बसली.

रामस्वामीला कॉफी द्यायला ती बाहेर आली. नाइलाजानंच, कामाच्या माणसाला उपाशी ठेवायचं तर नाही.

"एवढें काय बांधताय?" तिनं तमिळमध्ये विचारलं. "चार माणसांची बोट पण नाहीं ती."

"दोन माणसं असली तर काहीच लागत नाही, अम्मा," रामस्वामी टंबलर घेत म्हणाला. "एकानं पुढून धरायचं, एकानं मागून, की गेली टपावर. पण गुरुमूर्ती सारना एकट्यानं चढवायची, एकट्यानं उतरवायची आहे. म्हणून हा रूळ, ही दोरी, ही चरखी. सगळा खटाटोप दुसरा माणूस नको म्हणून."

कनकलता टंबलरखालच्या रिकाम्या डवऱ्याशी चाळा करत उभी राहिली. मग तिनं व्हॅनच्या उघड्या दारातून आत पाहिलं. आत झोपायला बाकडं केलं होतं, एका कुशीवर वळता येईल एवढं. आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारची, देवळापर्यंत ती बसून गेली होती ती सीटही निघाली होती. तिथे काठ्या ठेवायचे लांब नळ बसवले होते.

"हें बाकडें..." ती म्हणाली.

"सारनी स्वतः झोपून माप दिलं," रामस्वामी म्हणाला.

घरात येऊन तिनं निळं कापड पुन्हा पेटीत टाकलं. लग्न झाल्यापासून या घरातल्या प्रत्येक जड वस्तूचं दुसरं टोक तिच्या हातात होतं. नवरात्रात गोलूच्या बाहुल्या मांडायच्या फळ्या, माडीवर चढवलेली खाट, तांदळाचं पोतं. हाक यायची, "कनका, तें टोक धर," आणि ती पोळीचं पीठ हातालाच ठेवून धावायची. तिची हाक वर्षातून दोन-चारदाच असायची, सणानंतर नऊवारी धुऊन वाळली की. नऊ वार एकटीला आवरत नाहीत. तो हात धुऊन यायचा, पुसायचा, आणि टोक धरून परसात मागे मागे जात उभा राहायचा. देवकार्याचं लुगडं म्हणून हात धुवायला त्याला कधी सांगावं लागलं नाही. ताणायचं, झटकायचं, जवळ यायचं, पुन्हा लांब जायचं. एकमेकांशी भांडण असलं तरी घडी व्हायचीच.

सगळं तयार झालं त्या संध्याकाळी शेजारची राजम कठड्यावरून बघायला आली. गुरुमूर्तीनं बोटीचं नाक मागच्या कांबीवर टेकवलं, आकडा अडकवला, पुढे जाऊन चरखी फिरवायला लागला. बोट कुरकुरत रुळावर चढली, तिचं हिरवट पोट क्षणभर सगळ्यांना दिसलं, आणि ती टपावर जाऊन बसली. रामस्वामीनं टाळी वाजवली.

"बघितलींस?" गुरुमूर्ती ओरडला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "एका हातानें!"

"भाग्य तुझें, कनका," राजम म्हणाली. "तुला कांहीं त्रास नाहीं बघ."

"तिला किळस येते," गुरुमूर्तीनं सांगितलं, आणि त्याच्या आवाजात केवढी माया होती. "हात लावायची नाहीं म्हणून सांगिटलीस नां तू? म्हणून तर एवढें केलों."

कोंबड्याच्या मानेला हात लागला तेव्हा आली नव्हती एवढी शिसारी कनकलताला आता आली. कसली, ते तिला राजमला सांगता आलं नसतं. ती आत जाऊन साबणानं हात धूत राहिली, आणि तिनं तर कशालाच हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघायचा होता. तिनं फ्लास्कमध्ये कॉफी भरली, दहीभात बांधला, लिंबाचं लोणचं वेगळ्या पानात गुंडाळलं. मग गच्चीवर जाऊन आदल्या दिवशी वाळत घातलेलं नऊवारी खाली आणलं. जर उसवलेला पदराचा कोपरा धुतल्यावर आणखीच विरलेला दिसत होता.

गुरुमूर्ती काठ्यांचे नळ पुसत होता. आज हाक येईल असं त्याला वाटलं असावं, कारण लुगडं बघून त्यानं फडकं खाली ठेवलं. हाक आली नाही. कनकलता व्हॅनच्या मागे गेली. बोटीचं नाक टेकवायची कांब छातीएवढ्या उंचीवर होती. त्या कांबीला तिनं लुगड्याचं एक टोक गुंडाळून गाठ मारली, दुसरं टोक धरून मागे मागे जात केळीपर्यंत गेली, ताणलं, झटकलं.

तो दोन पावलं पुढे आला.

"हाक मारायची नाहीं कां? धरलों असतों."

"जमतें," ती म्हणाली आणि दोन काठ जुळवत पुढे आली.

"त्या कांबीला वास अहे, कनका. कालच बोट टेकवलों तिथें. देवाचें लुगडें तें."

"अहे की," ती म्हणाली.

कनकलता असं म्हणते हे ऐकून तो चांगलाच घाबरला. "थांब," तो म्हणाला, "हात धुऊन येतों. थांब, मी आलों." आणि तो न्हाणीकडे जवळजवळ धावतच गेला. आतून तांब्याचा आवाज आला, साबणाची वडी खाली पडल्याचा आवाज आला.

तो परत आला तेव्हा गाठ सुटली होती आणि घडी झाली होती. जरा तिरकी झाली होती, पण झाली होती. ती घडी कनकलतानं काखेत धरली होती. तो ओले हात पुढे धरून, थेंब गाळत, नेहमीच्या जागी केळीपाशी जाऊन उभा राहिला.

"निघा," ती म्हणाली. "ऊन चढेल."