आधी मला रिकामा उचला

मित्रांनो, मी विठ्ठलवाडीच्या देवराम रद्दीवाल्याचा जुना तराजू आहे. कॉलेजात मी एकदाच गेलेलो, तेही सिमेंटच्या गोणीतून. पण वह्या-पुस्तकं इतकी तोललीत की आमच्या भागात माझ्याएवढं शिक्षण कुणाच्या अंगावरून गेलं नसेल. बसा जरा, सांगतो.

मला कल्याणच्या सहदेव लोहारानं घडवलं. लोखंडी दांडी, मध्ये काटा, साखळ्यांना दोन पारडी. देवरामचे वडील मारुती मला हातगाडीवर घेऊन फिरायचे. त्यांची एक सवय होती. रद्दी टाकायच्या आधी मला रिकामा उचलायचे आणि बाईच्या डोळ्यांसमोर धरायचे. काटा मधोमध उभा राहिला की म्हणायचे, "बघ ताई, याच्या पोटात काही नाही." मगच वजन. रिकामा असतानाच तराजू एका बाजूला कलला तर त्याला धंद्यात पासंग म्हणतात. माझ्यात पासंग कधी निघाला नाही. बायका दुसऱ्या रद्दीवाल्याला दारातून परत पाठवायच्या आणि मारुतीची वाट बघत बसायच्या. अशी इज्जत होती आपली.

मग मारुती गेले आणि दुकानात बॅटरीचा काटा आला. लाल आकडे दाखवतो, सारखा टूं टूं करतो. मला मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं. आठ वर्षं लटकून होतो. कुणी फडकं मारलं नाही. एका कुंभारमाशीनं तेवढं माझ्या डाव्या पारड्याखाली मातीचं घर बांधलं. म्हटलं, बांध बाई, कुणाच्या तरी कामाला आलो.

देवरामची पोरगी कल्पिता. इंग्रजी घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला. घराण्यातली पहिली. एका शनिवारी ती कॉलेजातून दुकानात आली ती तोंड पाडून. चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी शोकनाटक होतं, त्यातल्या माणसांचे स्वभाव वर्गापुढे उलगडून सांगायचे होते. हिनं गाईड पाठ करून धडाधडा म्हटलं. मृणाल मॅडमनी मध्येच थांबवलं. "हे गाईडचं मत झालं. तुझं काय?" हिनं परत गाईडचंच पुढचं वाक्य म्हटलं. सोमवारी परत उभं राहायचं, नाहीतर केटी, म्हणजे विषय राहिला. आणि केटी लागली की यंदा एमएचा फॉर्म विसरायचा.

"नाटक काय आहे ते तरी सांग," देवराम म्हणाला. तो चौथी पास, पण गोष्ट म्हटली की हातातलं काम टाकणार. पुठ्ठे विकायला आलेली शकूमावशी पण पोत्यावर टेकली.

कल्पितानं सांगितलं. एक शूर सरदार. राजा त्याच्या घरी पाहुणा म्हणून येतो, आणि हा त्याला झोपेत मारून गादीवर बसतो. बायको त्याला भरीस घालते. मग एका खुनातून दुसरा, आणि शेवटी दोघांचंही वाटोळं. "गाईडमध्ये लिहिलंय, माणूस चांगला होता, बायकोनं बिघडवला."

"वाटलंच मला," शकूमावशी म्हणाली. "आमचा माणूस लग्नाआधीपासून प्यायचा. मी घरात आले, तर सासू म्हणते सुनेनं शिकवलं."

देवराम हसला, तेवढ्यात लाइट गेली. बॅटरीचा काटा चार्ज केलेला नव्हता. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

"आजोबांचा तराजू काढ गं," देवराम म्हणाला. कल्पितानं मला उतरवलं आणि थेट पुठ्ठे टाकायला गेली.

"ए शहाणे, आधी रिकामा उचल," मावशी म्हणाली. "मारुतीभाऊ असते तर हातावर फटका दिला असता."

कल्पितानं उचललं. मित्रांनो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी कललेलो. जन्मात पहिल्यांदा. देवरामनं डावं पारडं उलटं केलं आणि नखानं माशीचं घर खरवडून काढलं. काटा सरळ झाला.

कल्पिता त्या मातीकडे बघतच राहिली. "पप्पा, गाईडवाल्यानं पण रिकामा उचलला नाही," ती म्हणाली. "बायको म्हटल्यावर तिचं पारडं आधीच खाली."

"मग तू तोल की नीट."

मावशीचे पुठ्ठे राहिले बाजूला. उजवीकडे सरदार, डावीकडे बायको. ज्याचा दोष, त्याच्या पारड्यात वजन.

"राजाला मारायचं आधी मनात कुणाच्या आलं?" देवरामनं विचारलं.

"त्याच्याच. तिला नंतर पत्रातून कळलं." किलो उजवीकडे.

"डिवचलं कुणी?"

"तिनं. नामर्द म्हणाली." किलो डावीकडे.

"सुरी कुणी चालवली?"

"त्यानं." दोन किलो. मग पुढे त्यानं स्वतःच्या दोस्ताला मारवलं, बायकोला न सांगता. अजून एक किलो. उजवं पारडं खाली टेकलं. शेवटी कल्पिताच्या हातात दोनशे ग्रॅमचं वजन उरलं.

"हे चूक आहे, हे त्याला शेवटपर्यंत कळत होतं," ती म्हणाली. "हे कुठे टाकू?"

"समोरच्या पारड्यात टाक," देवराम म्हणाला. "कळत होतं म्हणजे माणूस होता तो. तेवढं हलकं कर त्याला."

"हलकं कसलं?" मावशी म्हणाली. "कळत असून केलं ना? त्याच्यावरच टाक."

दोघं भांडत बसली. लाइट आली तरी भांडत होती. कल्पितानं ते वजन मुठीत धरून ठेवलेलं.

सोमवारी तिनं मला गोणीत घातलं आणि वर्गात नेलं. "अर्धा किलो कांदे दे गं," मागून मितेश नावाचा पोरगा म्हणाला, आणि सगळे हसले. कल्पितानं लक्ष दिलं नाही. तिनं मला रिकामा उचललं आणि काटा मधोमध आहे हे सगळ्यांना दाखवलं. मग एकेक वजन टाकत गेली. गाईड नाही, चिठ्ठी नाही, सगळं स्वतःच्या तोंडून.  शेवटी ते दोनशे ग्रॅम तिनं मितेशच्याच हातात दिलं. "चल कांदेवाल्या, हे तू टाक."

तो हसत आला. हात उजव्या पारड्यावर नेला, मग डाव्यावर, मग तसाच उभा राहिला.

"तू कुठे टाकशील?" मॅडमनी कल्पिताला विचारलं.

"मॅडम, मी दोन दिवस हातात धरून बसलेय. ते टाकता येत नाही म्हणूनच नाटक वाचून रडू येतं. सगळं सरळ तोलता आलं असतं तर ती नुसती पोलीस केस झाली असती."

मॅडमनी मितेशकडून ते वजन घेतलं. बराच वेळ त्या ते तळहातावर घेऊन उभ्या होत्या. मग मार्क लिहिले. केटी नाही. यंदाच्या एमएच्या फॉर्मवर आमच्या कल्पिताचं नाव आहे.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. घरात माझ्यासारखं जुनं काही खिळ्याला लटकत असेल तर वर्षातून एकदा उतरवा, फडकं मारा, खालून बघा. आणि कुणा माणसाला तोलायला बसलात तर आधी मला आठवा. रिकामा उचला.

आता मी दुकानात पुढच्या हुकाला असतो, रोज पुसला जातो. फक्त दोनशे ग्रॅमचं वजन नाही. देवराम विचारतो, "अगं, ते मॅडमकडून आणायचंय ना?"

कल्पिता म्हणते, "आणते पप्पा. त्यांचं अजून ठरलेलं नाही."