भैरवतालाकडे लावलेली दुर्बीण

मित्रांनो, माझ्या अंगावरचे हिरवट डाग पाहून नाक मुरडू नका. पितळेला म्हातारपण असेच येते. मी एक जुनी दुर्बीण आहे. एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या आणि दोन टोकांना दोन भिंगे, एवढाच माझा संसार. तांबड्या चामड्याचे म्यान होते, ते उंदरांनी खाल्ले. त्यांचाही संसार असतोच.

माझी भिंगे विलायतेत घासली गेली. एका गोऱ्या साहेबाबरोबर मी मुरारच्या छावणीत आले. साहेबाची पलटण हलली आणि मी मागे राहिले. मग मुरारच्या बाजारात जुन्या सामानाच्या दुकानी, कढया आणि घोड्यांच्या नालांच्या ढिगात, मी दोन वर्षे पडून होते. दुकानदाराला पाठीवर खाज सुटली की माझी आठवण होई. ज्या भिंगांनी चंद्रावरचे डोंगर पाहिले, त्यांनी आता फक्त त्याचा सदरा पाहायचा!

तिथून मला भालचंद्रपंतांनी सोडवले. लष्कर नावाच्या शहरातल्या एका शाळेत ते चित्रकला शिकवीत आणि दाना ओली नावाच्या गल्लीत राहत. त्यांनी मला उचलले, धोतराच्या सोग्याने हलकेच पुसले, डोळ्याला लावले आणि म्हणाले, “हिच्यातून भुजंगा दिसेल.”

हा भुजंगा म्हणजे कोण, ते सांगते. शहराबाहेर, थाटीपुराच्या पलीकडे टेकडीआड भैरवताल नावाचे तळे होते. त्यात एक राक्षस राहतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वदंता. सापासारखी लांब मान आणि शिळेएवढी पाठ. क्षणभर वर येतो आणि बुडतो. लोक नाव ऐकूनच कानाला हात लावीत. भालचंद्रपंतांना मात्र त्याला बघायचे होते. नुसते बघायचे, मित्रांनो! पकडायचे नाही की मारायचे नाही.

दर रविवारी सकाळी टांगा निघे. भालचंद्रपंतांच्या सोबतीला त्यांच्या पत्नी इंदुताई असत, शिवाय संस्थानच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले सूर्याजीराव आणि कीर्तनकार गोपाळकृष्णबुवा. सूर्याजीरावांनी भुजंगा पूर्वी एकदा पाहिला होता, आणि दर वेळी सांगताना त्याचा एक फणा वाढे.

“मागच्या दिवाळीला दोन होते, आता तीन,” इंदुताई म्हणत. “संक्रांतीपर्यंत शेषनागच होईल हो!”

“वहिनी, तो वाढतोय त्याला मी काय करू?” सूर्याजीराव मिशीतल्या मिशीत हसत.

बुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. दहा हातांपलीकडे सारे धुके. “बुवा, तुम्ही कशाला येता उन्हात?” असे कुणी विचारले की ते म्हणत, “शोधणाऱ्यांच्या पंगतीत बसायला डोळे कशाला लागतात, बेटा?”

सहा वर्षे मी तिपाईवर उभी राहून तळे न्याहाळले. भालचंद्रपंतांनी वहीत तारीख, वारा, पाण्याचा रंग सारे लिहिले आणि शेवटी प्रत्येक पानावर तीच ओळ: काही दिसले नाही. कुणी म्हणाले असते, लिहा की एखादी लाट वेडीवाकडी हलली! त्यांनी कधी लिहिले नाही. शहरात लोक त्यांना ‘भुजंगा मास्तर’ म्हणून चिडवीत. माझ्या नळ्या तेव्हा रोज पुसल्या जात. मला त्या माणसाचा केवढा अभिमान वाटे म्हणून सांगू!

तळ्याच्या घाटावर लक्ष्मीनारायणाचे छोटे देऊळ होते. दर एकादशीला दुपारी तिथे बुवांचे कीर्तन. त्या दिवशी शोध बंद. श्रोते देवळाकडे तोंड करून बसत, म्हणजे तळ्याकडे सगळ्यांची पाठ. देवाला पाठ नको म्हणून बुवा गाभाऱ्याच्या कडेला उभे राहत. पाण्याकडे तोंड फक्त त्यांचे, आणि त्यांना दहा हातांपलीकडे दिसत नाही! पूर्वरंग संपला की मध्यंतरात सर्वांना बुक्का लागे, बुवांच्या गळ्यात हार पडे. तेवढ्यात इंदुताई शिंगाड्याच्या शिऱ्याचा एक द्रोण पाण्यात सोडून येत. “पाण्यातल्या देवालाही उपास असतो,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. मग झांजा वाजत, उत्तररंगाचे आख्यान रंगे, माना डोलू लागत. अन् मी मागे अंगणात तिपाईवर एकटी उभी, तळ्याकडे तोंड करून. त्या वेळी माझ्या भिंगात काय उमटत होते ते कुणाला सांगू? दुर्बिणीला डोळा लागतो, मित्रांनो. मागे डोळा नसेल तर तिच्यात उमटलेले तिच्यातच राहते.

सातव्या वर्षी भाद्रपदात संकट आले. भैरवतालात कहार लोक शिंगाडे लावीत. उलट्या मडक्यांचा तराफा करून ते पाण्यात उतरत आणि वेलींखालचे शिंगाडे तोडत. तेच शिंगाडे साऱ्या लष्करच्या उपासाला पुरत. रामकली नावाच्या कहारणीच्या दिराच्या पोटरीला पाण्यात कशाने तरी कडाडून चावा घेतला. भुजंगा! झाले, त्या दिवसापासून एकही कहार पाण्यात उतरेना. पीक वेलीवरच काळे पडू लागले. सरकारात वर्दी पोचता पोचता कार्तिक लागला, आणि शिकारखात्याचे अंमलदार दौलतसिंह घोड्यावरून आले. त्यांनी हुकूम सांगितला: कार्तिकी द्वादशीला तळ्यात सुरुंग लावून भुजंगाचा निकाल लावायचा.

रामकली भालचंद्रपंतांपुढे येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत.

“पंडितजी, बारूद फूटी तो ना सिंघाड़ा बचेगा, ना मछरिया. हम कहाँ जाएँगे? छह बरस से काँच में आँख लगाए बैठे हो. अब तो बता दो, है का वो?”

भालचंद्रपंतांनी तिच्यापुढे वही उघडली. सहा वर्षांची पाने, आणि प्रत्येकावर तीच ओळ: काही दिसले नाही. शोध हा इतके दिवस त्यांचा छंद होता. आता त्याच्यावर एका घराचा चरितार्थ टांगलेला होता.

त्या रात्री त्यांनी सारी वही पुन्हा वाचून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुताई द्रोण लावीत बसल्या होत्या. एकाएकी त्यांचे हात थांबले.

“अहो, एक विचारू? मासे द्रोण टोचतात, कुरतडतात, पण पान तरंगत राहतं ना?”

“राहतं की.”

“मग माझा एकही द्रोण आजवर तरंगताना का नाही दिसला? घाट झाडते मी कीर्तन संपल्यावर. काडी नाही, पान नाही. सगळा अख्खा गिळतो कुणीतरी!” आणि त्या मोठ्याने हसू लागल्या. “तुम्ही त्याला रविवारी शोधता. तो जेवतो एकादशीला!”

भालचंद्रपंत ताडकन उठले. पण उठल्या उठल्या पुन्हा खाली बसले. कार्तिकी एकादशी म्हणजे सुरुंगाच्या आदला दिवस. तेवढी एकच संधी. आणि पाण्याकडे बघायचे तर चालू कीर्तनात देवाकडे पाठ करावी लागणार.

निरोप मिळताच सूर्याजीराव आणि बुवा घरी आले. “मी बघतो,” सूर्याजीराव म्हणाले, “माझी पाठ देवाने पुष्कळ वेळा पाहिली आहे.”

“तुम्ही बघाल तर पाच फणे निघतील,” इंदुताई म्हणाल्या.

भालचंद्रपंत कळवळून बोलले, “रामकलीचं घर वाचवायचं आहे खरं. पण बुवा, भर कीर्तनात नारायणाला पाठ फिरवू? पाठीमागच्या मूर्तीकडेच मन ओढेल माझं. धड दिसायचंही नाही.”

बुवा भालचंद्रपंतांच्या आवाजाकडे वळले. मग म्हणाले, “अरे, मग देवालाच पाण्याकडे नेऊ या की. घाटाच्या शेवटच्या पायरीवर चौरंग मांडा, उत्सवमूर्ती ठेवा. देवाकडे बघणं आणि पाण्याकडे बघणं एकच होईल. इतकी वर्षं आपण नारायणाला भिंतीला टेकवून बसवलाय, त्यालाही पाण्याजवळ बसावंसं वाटत असेल.”

कार्तिकी एकादशीला घाट फुलून गेला. वरच्या पायऱ्यांवर लोक, खाली चौरंगावर लक्ष्मीनारायण, आणि त्यांच्यामागे पसरलेले निळे पाणी. बुवांनी दौलतसिंहांनाही आग्रहाने बोलावले होते. मी भालचंद्रपंतांच्या पुढ्यात, तिपाईवर. मध्यंतरात बुक्का लागला. इंदुताईंनी आज एक सोडून पाच द्रोण सोडले. वाऱ्याने ते हळूहळू लांब गेले. बुवांनी गजेंद्रमोक्षाचे आख्यान लावले. तळ्यात पाय धरला गेलेला हत्ती सोंड वर करून नारायणाला हाक मारतो, तो प्रसंग आला. झांजा थांबल्या. घाट चिडीचूप.

आणि पाणी फुगले.

आधी एक लांब मान वर आली, सापासारखी, ठिपक्याठिपक्यांची. मग एक द्रोण नाहीसा झाला. दुसरा नाहीसा झाला. भालचंद्रपंतांची पापणी माझ्या भिंगामागे फडफडली, पण हात हलला नाही. मानेमागे हिरवट, गुळगुळीत, चौरंगाहून मोठी पाठ वर आली. माझ्यात ती अशी लख्ख उमटली, की पाठीवरचे शेवाळसुद्धा दिसावे.

“कासव आहे,” भालचंद्रपंत पुटपुटले. मग ओरडलेच, “अहो, म्हातारं कासव आहे! शिरा खातंय!”

दौलतसिंहांनी पुढे होऊन मला डोळा लावला. कितीतरी वेळ ते हलले नाहीत. मग त्यांनी साफा सारखा केला आणि हात जोडले.

“इन पर बारूद? कच्छप भगवान पर? ना साहब, हमसे ना होगा. हुकूम मैं वापस करवाता हूँ.”

बुवांना काही दिसले नव्हते. त्यांनी विचारले, “केवढं आहे रे?” सूर्याजीरावांनी त्यांच्या दोन्ही हातांना धरून हवेत आकार दाखवला. आयुष्यात प्रथमच त्यांनी काही वाढवून सांगितले नाही. बुवांचे डोळे भरून आले. “अरे, देवळात जाताना आधी कासवाला नमस्कार करतो ना आपण? ते दगडाचं. हे जेवणारं!” आणि त्यांनी असा जयघोष केला, की कासव बुडी मारून गेले.

रामकली कमरेला पदर खोचून पुढे आली. “जे तो कछुआ निकला!” ती म्हणाली. “बाईसाब, तुम इसे इधर जिमाती रहो. हम उधर उतरेंगे.” दुसऱ्या दिवशी, सुरुंगाच्या मुहूर्तावर, तिने मडक्यांचा तराफा पाण्यात लोटला. घाटावर इंदुताई द्रोण घेऊन बसल्या होत्या. पहिली टोपली ओली, काळपट शिंगाड्यांची, रामकलीने चौरंगाच्या जागी आणून ठेवली.

भालचंद्रपंतांचा शोध संपला, असे तुम्हाला वाटेल. छे! पुढच्या रविवारी टांगा पुन्हा दारात. “त्याचे भाऊबंद असतील की,” सूर्याजीराव म्हणाले.

आता ती मंडळी नाहीत. मी एका माळ्यावर आहे. भिंगांवर बुरशीची जाळी धरली आहे, एक नळी अडकते. मित्रांनो, एवढेच मागते: मला खाली काढा. बोटाने पुसू नका, बोटाचा घाम भिंगाला बाधतो. धुऊन मऊ झालेले सुती फडके घ्या आणि फुंकर घालून, गोल गोल, हलके पुसा. मग एखाद्या पाण्याकडे लावा. आणि काही अनोळखी, अक्राळविक्राळ असे दिसलेच, तर आधी एवढे पाहा, की ते जेवते काय. बाकीचे त्यानंतर ठरवा.