पाहुणा वादीत होता

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरात खलबत्ता असेलच. वेलदोडा कुटून झाला की तुम्ही त्याला फळीवर ठेवता आणि विसरता. मी त्याचाच भाऊबंद, पितळेचा एक जुना खल. राहतो अरबी वाळवंटात, पण माझा जन्म तिथला नाही. दमास्कसच्या एका ओताऱ्याने मला ओतले. थंड झाल्यावर त्याने माझ्या काठावर बत्ता मारून पाहिला आणि कान लावून ऐकले. माझ्या आधीचे तीन खल त्याने याच परीक्षेत नापास करून पुन्हा वितळवले होते. माझा आवाज त्याला पसंत पडला. त्या आवाजापायी माझ्या आजच्या मालकाच्या, मुतलकच्या, आजोबांनी एक उंटीण देऊन मला घेतले आणि दक्षिणेकडच्या आपल्या तंबूत आणले. थोडा गर्व तेव्हापासूनच माझ्या अंगात आहे, तो मी लपवत नाही.

आमच्याकडे कॉफी नुसती प्यायची गोष्ट नाही. हिरव्या बिया तव्यावर भाजायच्या, निववायच्या, मग माझ्यात घालून कुटायच्या. कुटताना बत्ता दोनदा तळाशी आणि एकदा काठाला लागला पाहिजे. काठाचा तो ठोका दूरवर जातो आणि ज्याच्या कानावर पडेल त्याला बोलावणे पोचते. त्याचे नियम सगळ्यांना पाठ असतात. ज्याने ऐकले त्याने यायचे. येताना धावायचे नाही, कारण कॉफीसाठी धावणारा माणूस हावरट दिसतो. आणि पाहुणा तंबूपाशी पोचेपर्यंत कुटणाऱ्याने हात थांबवायचा नाही. मध्येच थांबलात तर त्याचा अर्थ, आता नको येऊस.

मी तीन पिढ्या बोलावत आलो. आजोबांचा ठोका संथ होता, मुलाचा घाईचा. नातू मुतलक कुटायचा तेव्हा वादीच्या पलीकडचे लोकही म्हणायचे, हा मुतलक बरे. आमच्याकडे वादी म्हणजे नदी, पण वर्षातले बहुतेक दिवस नुसते गोटे आणि वाळू. अलीकडच्या उंच काठावर मुतलकचा तंबू होता, पलीकडच्या उंच काठावर त्याचा मेहुणा जाझी राहत असे. मुतलकची बायको नौफा ही जाझीची धाकटी बहीण. दोन्ही तंबूंच्या मधे सहाशे पावले वाळू होती, आणि जाझी रोज ती तुडवून यायचा.

मग एका साखरपुड्यात मुतलकने जाझीच्या आधी एका पोरसवदा पाहुण्याच्या हातात मानाचा पेला दिला. अंधारात चूक झाली, असे तो म्हणतो. जाझी अंगरखा झटकून उठला आणि निघून गेला. पुढे दोन वर्षे मी रोज सकाळी वाजलो आणि पलीकडचा तंबू बहिऱ्यासारखा बसून राहिला. नौफा रोज त्या दिशेला बघायची. चार माणसे मधे पडली, पण माफी मागायला मुतलकची जीभ वळेना आणि जाझीचा पाय निघेना.

त्या वर्षी ऑक्टोबर संपत आला होता. दुपारी पूर्वेच्या डोंगरांवर काळे ढग जमले आणि विजा दिसू लागल्या. आमच्यावर लख्ख ऊन होते. डोंगरात पाऊस म्हणजे खाली चारा, सगळे खूश झाले. नौफाने स्वतःच बिया भाजल्या आणि मला उचलून नवऱ्यापुढे ठेवले.

"आज जरा जोरात कुट," ती म्हणाली.

"तुझ्या भावाचे कान दोन वर्षं बंद आहेत."

"म्हणूनच म्हणते जोरात कुट. आणि तोंड सरळ ठेव, तो आला तर."

मुतलक पुटपुटला, पण कुटू लागला. जाझीला आवडणारी चाल होती ती, मी लगेच ओळखली. थोड्या वेळाने पलीकडच्या तंबूतून जाझी बाहेर आला. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग आत गेला, चांगला अंगरखा घालून, डोक्याचे फडके नीट बांधून परत आला आणि काठ उतरू लागला. नौफाने तोंडावर पदर घेतला. ती रडत होती. मुतलकचा ठोका चुकत नव्हता. खरे सांगतो, एवढा गोड मी आयुष्यात वाजलो नव्हतो.

जाझी साधारण साठ पावले आला असेल, तेव्हा वरच्या अंगाने गार वारा आला. ओल्या मातीचा वास आला. मग एक घरघर ऐकू आली, लांबून मोठे मालट्रक येत असल्यासारखी.

नौफाने ती आधी ओळखली. "पूर येतोय. ओरड त्याला, मागे फिर म्हण."

"दोन वर्षांनी येतोय तो," मुतलक म्हणाला. "दारातून त्याला मागे फिर म्हणू?"

असे म्हणून तो कुटतच राहिला. भेकड नव्हता तो, दुष्टही नव्हता. येणाऱ्या पाहुण्याला माघारी जा म्हणणे त्याच्या घराण्यात कुणाच्या तोंडून निघाले नव्हते, आणि या पाहुण्याचा तर एकदा अपमान झालेलाच होता. जाझीनेही घरघर ऐकली. तो थबकला. त्याने वर पाहिले, मग आमच्या तंबूकडे पाहिले. त्याचा काठ त्याला जवळ होता. पण मी बोलावत होतो. तो पुढे निघाला. चार पावले भराभर टाकली, आणि मग लाजल्यासारखा पुन्हा सावकाश चालू लागला.

तीन श्वास गेले असतील. मग मुतलकने बत्ता टाकला आणि "फिर, मागे फिर" असे ओरडत काठावर धावला. तोवर पाणी वळणावर आले होते. पुढे काटक्या आणि फेस, मागे तपकिरी चिखल, त्यात मुळासकट झाडे. काठावर गेल्यावर मुतलकचे ओरडणे त्या घरघरीत माझ्यापर्यंतसुद्धा आले नाही. तो गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरला तेव्हा नौफाने त्याला पाठीमागून धरले. आमच्यावर अजून ऊनच होते.

जाझी तिसऱ्या दिवशी चार कोस खाली एका बाभळीच्या बुंध्याशी सापडला.

त्यानंतरचे मला फारसे सांगता येत नाही. माझ्या पोटात अर्धवट कुटलेली कॉफी होती, ती तशीच वाळली. कुणीतरी मला पालथा घातला. घरात शहरातून आणलेली तयार पूड उकळू लागली. एक बकरी माझ्यावर पाय ठेवून उभी राहायची. मला राग आला नाही, दुःखही झाले नाही. मी बधिर झालो होतो. नौफा स्वयंपाक करायची, वाढायची, भांडी घासायची. मुतलक बसून असायचा. ती दोघे एकमेकांशी वाईट बोलत नव्हती. बोलतच नव्हती.

वसंतात वादीत गवत आले. एका सकाळी जाझीची बायको तुर्फा त्या गवतातून चालत आमच्याकडे आली. नौफाने भावजयीला मिठी मारली. मुतलकने तिच्यापुढे पेला ठेवला आणि तिने तो उचलला नाही. पाहुण्याने कॉफीला हात लावला नाही, तर त्याचे काही मागणे असते. ते कबूल केल्याशिवाय तो पीत नाही, आणि तो न पिता गेला तर यजमानाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. मुतलकचा चेहरा उतरला. त्याला वाटले, आता ही रक्ताचा मोबदला मागणार.

"माग, वहिनी," तो म्हणाला.

"तू त्याला का हाक मारली नाहीस ते मला कळतं, भाऊ," तुर्फा म्हणाली. "मी पलीकडून बघत होते. मीही नाही मारली. नवरा दोन वर्षांनी ताठ मानेने निघाला होता, त्याला चारचौघांत मागे कसं बोलवू, असं वाटलं मला."

तुर्फाने पेला तसाच ठेवून पुढे सांगितले.

"माझं मागणं एवढंच. वरती ढग असेल आणि वादीत माणूस असेल, तर तो कुणी का असेना, पाहुणा असो की शेख, हातातलं टाकायचं आणि त्याला मागे फिर म्हणून ओरडायचं. तू ओरडायचंस आणि मी पण. त्याला राग आला तर येऊ दे. रागावलेला माणूस घरी तरी जातो."

मुतलकने मान खाली घातली. मग "दिलं" म्हणाला. तुर्फाने पेला उचलला. कॉफी गार झाली होती. तिने ती संपवली.

दुसऱ्या दिवशी नौफाने मला घासून मुतलकपुढे ठेवले. मी पुन्हा वाजतो. माझा काठ पूर्वीसारखाच खणखणतो, असे लोक म्हणतात. मला स्वतःला तो तितकासा ऐकू येत नाही.

मित्रांनो, मला घासा, पुसा, फळीवर ठेवा असे मी सांगणार नाही. मला फक्त ये म्हणता येते. थांब, परत जा, असे म्हणायला माझ्याजवळ ठोका नाही. तो गळा तुमच्याजवळ आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला वेळेवर थांबवताना लाजू नका. जाझीला वाचवायला ते तीन श्वास पुरेसे होते, आणि त्या तिन्ही श्वासांत मी त्याला ये म्हणत होतो.