तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह

थंड असेपर्यंत नेरेइदाची जुनी रशियन गाडी गुणाची असायची. कामाग्वे शहराच्या स्टेशनापासून इस्पितळापर्यंत उतारूंची एक फेरी झाली, इंजिन तापलं, की मिसिंग सुरू, गाडी आचके द्यायला लागायची. सहा वर्षं हेच.

"पोरी, गाडीला उचकी लागलीय," मागे बसलेली म्हातारी म्हणाली. "पाणी पाज तिला."

"पाण्यावर भागलं असतं तर काय हवं होतं, आजी!"

घरात दोषी केव्हाच ठरला होता: रेम्बेर्तो, नेरेइदाचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी त्याने फ्लोरिडाहून आठ नवे व्हॉल्व्ह पाठवले होते, तिकडून येणाऱ्या एका बाईच्या सामानात, मोज्यांत गुंडाळून. नवऱ्याने, एवेलिओने, ते बसवले. महिन्याभरात मिसिंग सुरू झालं तेव्हा त्याने निकाल दिला, "तुझ्या भावाने कचरा पाठवलाय." एवेलिओ साखर कारखान्यातला टर्नर, लेथवर पार्ट कातणारा; लोखंडाबाबत त्याचा शब्द शेवटचा. नेरेइदाने तोच शब्द फोनवर भावाला ऐकवला. त्यानंतर रेम्बेर्तोचा फोन आलाच नाही.

इंजिन उघडायचं ते एवेलिओनेच, असा नियम होता. पण या महिन्यात त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि वाकायची बंदी आली. नेरेइदाने पाना हातात घेतला.

गाडी तापवून तिने प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. पहिली काढली, इंजिन खचलं. दुसरी काढली, खचलं. तिसरी काढली तर इंजिनाला पत्ताच नाही. घरातला आयतोबा उठून गेल्यासारखं. ठिणगी चांगली होती. प्लग बदलून पाहिला, फरक शून्य. व्हॉल्व्हचा गॅप पाहिला, तर पंधरा दिवसांपूर्वी, ऑपरेशनच्या आधी, एवेलिओने चाचपडत लावलेला गॅप पार मिटलेला; म्हणजे तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बंदच होत नव्हता.

"इंजिनाचं हेड उतरवते, व्हॉल्व्हच बघते," ती म्हणाली.

"कशाला? गॅप वाढव, झालं," झुलत्या खुर्चीतून एवेलिओ म्हणाला.

"सहा वर्षं तेच करतोयस."

"अगं, मी बरा झालो की बघतो ना."

एरवी तो असा मऊ बोलत नसे. त्या मऊपणानेच तिने पान्याला जास्त जोर लावला.

सात व्हॉल्व्हवर एकच नंबर कोरलेला होता. आठवा, तिसऱ्या सिलिंडरचा, बिननंबरी. कड जळून झिजलेली, पण मानेवर लेथची बारीक वर्तुळं अजून दिसत होती. इतकं नाजूक काम गल्लीत एकाच हाताचं.

तिने तो त्याच्या तळहातावर ठेवला. डोळ्यांवर पट्टी होती, त्याने बोटांनी ओळखला.

"ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून कातला होता," तो म्हणाला.

"आणि रेम्बेर्तोचा?"

"बसवताना हातून पडला. वाकला. सरळ करायला गेलो तर तुटला." मग जरा चढ्या आवाजात, "अख्खी गल्ली माझ्याकडून पार्ट करून नेते! नवा व्हॉल्व्ह मोडला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? वाटलं, माझा त्याच्याहून सरस चालेल."

"सहा वर्षं वाटलं?"

खुर्ची झुलायची थांबली.

नेरेइदाने हात पुसले आणि फोन लावला. रेम्बेर्तोने उचलला.

"तुझे व्हॉल्व्ह चांगले होते रे."

"माहीत आहे, ताई. एकेक मापून पाठवला होता." मागे कुठेतरी भांडी वाजत होती. "आणखी काही?"

एक व्हॉल्व्ह हवा होता. तो पाठवू शकेल असा माणूस जगात हा एकच. पण सहा वर्षं त्यालाच दोष देऊन आता मागायचा कुठल्या तोंडाने?

"नाही. काही नाही."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ती परत आली तसं एवेलिओने विचारलं, "पाठवतोय का?"

"मागितला नाही." तिने त्याच्या मुठीतून व्हॉल्व्ह काढून घेतला आणि जळकी कड घासायला बसली. "तुझाच बसवते. उतारूंनी उचकीचं कारण विचारलं तर सांगेन, व्हॉल्व्ह नवऱ्याच्या हातचा आहे."