नेमीचंदच्या पोटावरचा नंदी

दर सोमवारी सकाळी आठ वाजता नेमीचंद शेठ आपल्याच डाळ मिलच्या अंगणात, आपल्याच खाटेवर, सदरा वर करून उताणे पडत आणि निम्मं जळगाव त्यांचं पोट पाहायला येई.

अडुसष्ट सालचा चैत्र होता. आठलाच ऊन डोक्यावर बसायचं, पण माणसं हलत नसत. जामनेरहून, चोपड्याहून, थेट धुळ्याहून लोक यायचे. बाहेर उसाच्या रसाच्या दोन गाड्या लागल्या होत्या. मी शेजारी राहणारा, त्यामुळे मला पहिल्या रांगेत स्टूल मिळे.

शेठच्या बेंबीच्या जरा वर विड्याचं पान ठेवलेलं असे. पानावर अंगठ्याएवढा पितळी नंदी आणि नंदीच्या पाठीला मेणाने चिकटवलेलं मोरपीस. डोलेबाबा नंदीवर तीन फुंकरी मारत, दोन्ही हात वर करून मागे सरत आणि म्हणत, "आते दखा."

नंदी डोले. कुणाचा हात नाही, दोरा नाही. वारा लागू नये म्हणून चारी बाजूंना चादरी धरलेल्या. तरी नंदी डोले आणि त्याच्या पाठीवरचं मोरपीस त्याच्यापेक्षा दुप्पट डोले. बायका पदर पसरत.

मग प्रश्न सुरू होत. मगन दलालाने विचारलं, "तूर वधारेल का?" नंदी डोलला. दुसऱ्या पेढीचा माणूस लगेच पुढे झाला. "तूर उतरेल का?" नंदी डोलला.

"पहिले वधारी, मंग उतरी," डोलेबाबा म्हणाले. "देवले बठ्ठं माहीत शे." म्हणजे देवाला सगळंच माहीत.

मिलमधला हमाल झिपरू हात जोडून म्हणाला, "मालक मला लग्नाला आठ दिवस सुट्टी देतील का?" नंदी डोलला. खाटेवरून शेठ म्हणाले, "नंदीला मिलमधलं काय कळतं?"

मी पोट धरून हसलो. चार सोमवार मी असा हसलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी दुसऱ्यांवर रागावणार आहे.

आता हा नंदी शेठच्या पोटावर आला कसा ते सांगतो. माघात शेठची कंबर दुखायला लागली. आडवं झालं की पोटात काहीतरी ठकठक करतं, असं ते म्हणत. मी त्यांना सुगंधाबाईंकडे घेऊन गेलो. सुगंधा चौधरी म्हणजे आमच्या जीवराम चौधरींची मुलगी. केळीच्या बागेतून थेट मेडिकल कॉलेजात गेली आणि डॉक्टर होऊन परत जळगावला आली. तिने शेठचं पोट दाबून पाहिलं, आडवं झोपवून एक्स-रे काढला आणि बराच वेळ फोटो उजेडासमोर धरून उभी राहिली.

"काका, हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली जाते. तुमची ती एका जागी फुगलीय. मोसंबीएवढी."

"मग औषध दे."

"याला औषध नाही. विडी आजपासून बंद. पोतं उचलायचं नाही. आणि मुंबईला जाऊन ऑपरेशन. फुगलेला भाग काढून तिथे कापडाची नळी बसवतात."

शेठ जन्मभर धोतर नेसलेले. ते खुर्चीत सरळ झाले. "कापडाची? कोणत्या कापडाची?"

"टेरिलीनच्या जातीचं असतं."

"माझ्या पोटात टेरिलीन?"

"काका, ऑपरेशन मोठं आहे. दहांत एखाददुसरा दगावतो, हे मी लपवत नाही. पण ही वाहिनी फुटली तर मुंबई लांब राहिली, माझ्या दवाखान्यापर्यंतही तुम्ही पोचणार नाही. आणि ती केव्हा फुटेल ते मला सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर शेठ टांग्यात चढेनात. "नाना, माझा भाऊ रुपचंद मुंबईला हर्नियासाठी चालत गेला होता," ते म्हणाले, "आणि आला तो पितळेच्या लोट्यात." या माणसाला मूर्ख म्हणू नका. तो घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला कुणीतरी 'नको' एवढंच म्हणायला हवं असतं.

ते म्हणायला डोलेबाबा आले. शिरपूरकडचे, असं ते सांगत. धुळ्याच्या स्टँडवर दातांचं मंजन विकणाऱ्या एका इसमाचा आवाज अगदी यांच्यासारखा होता, असं मगन म्हणे. पण दैवी आवाज एकापेक्षा जास्त गळ्यांत असू शकतो. बाबांनी शेठच्या बेंबीवर चार बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

"शेठ, तुमनी बेंबी सरकेल शे. तिनी जागावर देव बसेल शे. ऑपरेशन करशात तर देव कापाई जाई."

आमच्याकडे पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणतात. घरातलं जाणतं माणूस बोटांनी बेंबीखालचा ठोका शोधतं. ठोका जागेवर सापडला तर ठीक, बाजूला सापडला तर चोळून जागेवर आणतात. माझ्या आईनेही माझी बेंबी तीनदा जागेवर आणली आहे. त्यामुळे बाबांचं म्हणणं कुणाला परकं वाटलं नाही.

उपचार असा: दिवसातून एकदा वाटीभर मुगाचं पाणी, बाकी उपास. दर सोमवारी नंदीपूजन आणि काळ्या सुताने पोटाचं माप. पाचव्या सोमवारी बाबा पोटावर टाच देऊन बेंबी जागेवर बसवणार आणि देव मोकळा करणार. उपासाला शेठच्या घरात कोण नाही म्हणणार? पर्युषणात आठ-आठ दिवस कडकडीत उपास करणारी जैन माणसं ती. सूत दर सोमवारी दोन बोटं कमी भरे. नंदी दर सोमवारी जास्त डोले. बाबा पैशाला हात लावत नसत. ते तूरडाळीला लावत.

चौथ्या सोमवारी दुपारी मी खोकल्याचं औषध घ्यायला सुगंधाबाईंकडे गेलो आणि रंगवून रंगवून तिला सगळं सांगितलं. तूर वधारेल, तूर उतरेल. झिपरूची सुट्टी. ती हसत होती. मग मी टाचेचं सांगितलं आणि तिचं लिहिणं थांबलं.

"टाच? पोटावर?"

"शेवटचा विधी आहे. येत्या सोमवारी."

"नाना, सायकलचा टायर फाटून आतली ट्यूब बाहेर फुगलेली पाहिलीय ना तुम्ही? तिच्यावर कुणी टाच देईल?" तिने पेनाला टोपण घातलं. "आणि हे तुम्ही मला गंमत म्हणून सांगायला आलात."

त्या वाक्यानंतर माझा खोकला कुठे गेला कोण जाणे. आम्ही त्याच दिवशी शेठकडे गेलो. त्यांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, "सुगंधा, सूत सहा बोटं उतरलं. तुझ्या फोटोत ते दिसतं का?" मग ती फौजदारांकडे गेली. ते म्हणाले, धार्मिक बाब आहे.

पाचवा सोमवार. गर्दी दुप्पट. पुढे नेहमीप्रमाणे जामनेरच्या भागाबाई बसलेल्या. साठीची विधवा बाई, पाचही सोमवार पहाटेची एसटी धरून आलेली. बाबांनी पाय धुऊन घेतले, टाचेला हळद लावली. नंदी ठेवला. मोरपीस इतकं हलत होतं की मागच्या रांगेलाही दिसावं.

सुगंधाबाई गर्दीतून पुढे आली. "महाराज, देव निघून जाणार आहे. त्याआधी एकदा मोजून घेऊ द्या."

"काय मोजशी?"

"किती वेळा डोलतो ते. देवाची मोजणी झाली तर काही बिघडतं का?"

गर्दीपुढे नाही म्हणणं बाबांना जड गेलं. सुगंधाबाई शेठच्या पत्नीकडे वळली. "लाडकुंवरकाकू, काकांचं मनगट धरा. इथे, अंगठ्याच्या बाजूला. लागतो ठोका? तुम्ही नंदीकडे पाठ करून बसा. ठोका लागला की 'हं' म्हणा. भागाबाई, तुम्ही फक्त नंदीकडे बघा. डोलला की तुम्ही 'हं' म्हणा."

लाडकुंवरबाई म्हणाल्या, "हं." भागाबाई म्हणाल्या, "हं." मग दोघींचे 'हं' एकमेकींवर पडायला लागले. हं. हं. हं. पंचवीस-तीस झाले असतील, एकही चुकला नाही. एक बाई बघत नव्हती, दुसरीचा हात कुठेच लागत नव्हता, तरी दोघी एकच मोजत होत्या.

"हे काय चाललंय?" शेठ चिडून म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला आणि 'हं' भराभर पडायला लागले, दोन्हीकडचे.

"काका, रागावू नका, नंदी पळायला लागला," सुगंधाबाई म्हणाली.

बाबा सावरले. "नाडीमा बी देवच शे."

"असेल. मग सगळ्यांच्याच नाडीत असेल. तुम्ही झोपता का जरा?"

बाबा झोपेनात. मागून मगन म्हणाला, "झोपा की महाराज, आम्हीपण झोपतो रोज." तेव्हा ते गोणपाटावर आडवे झाले. महिनाभर तूरडाळ आणि साजूक तूप यांनी घडवलेलं ते पोट. नंदी त्यावर ठेवला, तो चौकातल्या पुतळ्यासारखा उभा राहिला. मग सुगंधाबाईने झिपरूला झोपवलं. त्याच्या पोटात पाठीचे मणके मोजता आले असते. नंदी डोलला. थोडा, पण डोलला.

"मालक, माझ्यात पण देव आहे," झिपरू म्हणाला. "आता सुट्टी?"

सुगंधाबाई लोकांकडे वळली. "ही रक्तवाहिनी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या पोटात आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती उडते. बेंबीखाली जो ठोका बोटाला लागतो तो तिचाच. लठ्ठ माणसात ती दिसत नाही, वाळक्यात दिसते. काकांची फुगलीय म्हणून नंदी एवढा डोलतो. मोरपिसाने ते मोठं दिसतं, बस. उपासाने पोट खपाटीला गेलं म्हणून दर सोमवारी जास्त दिसायला लागलं."

"आणि सूत?" शेठनी विचारलं. "सूत कमी भरलं ते?"

उत्तर सुगंधाबाईने दिलं नाही. लाडकुंवरबाईंनी नवऱ्याचा हात वर धरला. बोटातली अंगठी सुटू नये म्हणून तिला खालून दोरा गुंडाळला होता. "हा मीच गुंडाळला," त्या म्हणाल्या. "दंड बघा यांचा. मान बघा. सगळीकडेच सूत कमी भरेल. उपाशी माणूस दुसरं काय होणार?"

बाबा उठून पायाची हळद पुसत होते. तेव्हा भागाबाई बोलल्या. त्या खाली बसल्या बसल्याच बोलल्या, आवाज न चढवता.

"डॉक्टरीणबाई, आमच्या घरच्यांच्या पोटावर पण हा नंदी डोलायचा. गेल्या साली, जामनेरला. यांच्यापेक्षा जास्त डोलायचा. पाचव्या सोमवारी महाराजांनी टाच दिली. घरचे ओरडले आणि पांढरे पडले. संध्याकाळपर्यंत गेले. महाराज म्हणाले, देव घरी गेला, तुमचे पितांबर त्याच्यासंगं गेले, भाग्यवान. आम्ही त्यांच्या नावाचा ओटा बांधला. मी त्याला रोज पाणी घालते." त्या थांबल्या. "म्हणजे ते टाचेनं गेले का?"

सुगंधाबाईला उत्तर माहीत होतं. खाली बसून तिने भागाबाईंचा हात धरला. तेवढ्याने अंगणाला कळलं.

डोलेबाबांना कुणी मारलं नाही. मारायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण कुणी अडवलंही नाही, हे म्हणणारच. गर्दी वाट देत गेली आणि ते गेले. त्यांना मार खायचा हक्क नव्हता, पण तुरुंगात जायचा होता. सुगंधाबाईने अर्ज दिला. फौजदारांनी विचारलं, पितांबरच्या मृत्यूचं कारण कुठल्या कागदावर आहे? कागद नव्हता. ओटा होता. ओटा पुरावा धरत नाहीत.

त्या सोमवारी बाबा गेले तेव्हा शेठ खाटेवर तसेच पडून होते. नंदी झिपरूच्या गोणपाटावर राहिला होता. त्याच्याकडे मान वळवून शेठ म्हणाले, "सुगंधा, त्या टेरिलीनला रंग कोणता असतो?"

"पांढरा, काका."

"मग चालेल," ते म्हणाले, आणि लाडकुंवरबाईंना म्हणाले, "खिचडी टाक."

मुंबईत ते दीड महिना होते. वाईट दिवस गेले, एकदा तर तार करायची वेळ आली होती. पण आषाढात ते स्टेशनवर उतरले, काठी टेकत, छातीखालपासून ओटीपोटापर्यंत शिवलेले. घरी आल्यावर आडवे झाले आणि त्यांनीच नंदी मागवला. पोटावर ठेवला. नंदी निश्चल. शेठ म्हणाले, "तूर वधारेल का?" आम्ही तिघं त्या पितळी जनावराकडे बघत राहिलो. मग लाडकुंवरबाईंनी तोंडाला पदर लावला आणि रडल्या.

तो नंदी पुढे भागाबाई घेऊन गेल्या. त्यांनी ओटा मोडला नाही. सोमवारी त्या ओट्यावर बसतात. जो पाया पडायला येईल त्याच्या मनगटावर त्याचंच बोट ठेवायला लावतात, त्याला आडवं करतात, पोटावर नंदी ठेवतात आणि म्हणतात, "मोज." मग आपले धनी कसे गेले ते सांगतात. पाया पडणारे कमी झालेत, मोजणारे वाढलेत.

मला याहून वेगळं काही सांगायचं नाही. डॉक्टरला घाबरा, ऑपरेशनला घाबरा, त्यात लाज नाही. पण तुम्ही घाबरलात हे बघून जो दारात येतो त्याला एक प्रश्न विचारा, आणि उत्तर त्याच्या तोंडून घेऊ नका. आपलं बोट आपल्या नाडीवर ठेवा आणि मोजा. तेवढं शेजाऱ्याचंही मोजा. माझ्यासारखं स्टुलावर बसून हसू नका. पितांबर गेला तेव्हाही जामनेरला पहिल्या रांगेत कुणीतरी माझ्यासारखा बसलेला असणार.