चुलीखालचा खांब

मी एक जुना खांब आहे. खरे तर होतो. आता माझा वरचा अर्धा भागच उरला आहे आणि तो एदिताच्या स्वयंपाकघरात, लोखंडी चुलीमागे, सरपणात वाळत पडला आहे. मी लुमा नावाच्या टणक रानझाडाचा, आणि लुमाचे लाकूड लवकर वाळत नाही. तेव्हा मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्यापुरता वेळ माझ्याकडे आहे.

तुम्ही म्हणाल, खांबाची कसली आली आहे गोष्ट? खरेच आहे. कौतुक होते ते दर्शनी भिंतीचे, खिडक्यांच्या रंगाचे. घराखाली कोण बघतो? पण इथे, जगाच्या दक्षिण टोकाकडच्या आमच्या चिलोए बेटावर, घर जमिनीला टेकवत नाहीत. जमीन सदा ओली. म्हणून घर गुडघाभर उंच खांबांवर उभे करतात आणि खालून वारा खेळता ठेवतात.

मला रानातून आणले बाउदिलिओने. तो एरास्मोचा बाप. मला तोडताना त्याला मध्येच थांबून कुऱ्हाडीला धार लावावी लागली होती, हे मी अजूनही मिरवतो. त्याने मला सोलून चपट्या दगडावर उभे केले आणि घराचा उत्तरेचा कोपरा माझ्या डोक्यावर दिला. इथली वादळे उत्तरेकडूनच येतात. शिवाय त्याच कोपऱ्यात वर चूल बसवली होती, आणि साऱ्या घरात तिच्याएवढे जड दुसरे काही नव्हते.

ते दिवस मजेचे होते. उन्हाळ्यात कोंबड्या माझ्या पायाशी धुळीत लोळत. पानगळ सुरू झाली की सफरचंदांची पोती मला टेकून बसत. हिवाळ्यात कुत्रा माझ्या पाठीला पाठ लावून झोपे. आणि वसंत आला की बाउदिलिओ हातात चाकू घेऊन पोटावर सरपटत आत येई. एकेका खांबाला टोचून बघे. टोक आत शिरले नाही की तळव्याने थोपटे.

माझ्यापाशी आला की म्हणे, "तू आहेस तोवर घरात चूल पेटेल बघ."

एका हिवाळ्यात असे वादळ आले की शेजारच्या ओतिलियाबाईंच्या छपराचे पत्रे पार समुद्रात गेले. आमचे घर जागचे हलले नाही. सगळ्यांनी बाउदिलिओची पाठ थोपटली. त्याने मात्र खाली येऊन माझी थोपटली.

पुढे बाउदिलिओ गेला आणि घर एरास्मोकडे आले. एरास्मो आळशी नव्हता हो. छपराला गंज चढू देत नसे, भिंतीची एक फळी निघाली की त्याच दिवशी ठोकत असे. पण त्याची सगळी माया डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच. खाली सरपटायचे आले की म्हणे, "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचे वर्ष काही उजाडले नाही.

त्याची बायको एदिता. तिला सांधेदुखी जडली होती. हिवाळ्यात जमिनीच्या फळ्यांमधून वारा वर येई आणि तिचे पाय बर्फ होत. मग ती चुलीच्या ओव्हनचे दार उघडून त्यात पाय शेकत बसे, थेट माझ्या डोक्यावर. तिचे कण्हणे मला ऐकू येई. एरास्मोलाही येई.

म्हणून एका पानगळीत त्याने घराच्या चारी बाजूंनी पत्रे ठोकले आणि पत्र्यांच्या तळाला मातीची भर घातली. घराखालचा वारा बंद.

ओतिलियाबाई कुंपणापाशी येऊन बघत राहिल्या. "का रे एरास्मो, घराला परकर नेसवलास होय?"

"एदिताचे पाय गारठतात, बाई."

"तिला लोकरीचे मोजे विणून दे मग. घराचा श्वास कशाला कोंडतोस?"

"तुमचं छप्पर उडालं होतं, तेव्हा कुठं होतं हे शहाणपण?" एरास्मो हसत म्हणाला. बाईही हसल्या आणि विषय तिथेच संपला.

त्या हिवाळ्यात एदिता म्हणाली, "कितीतरी वर्षांनी माझे पाय माझे वाटताहेत." मित्रांनो, ते ऐकून मलाही बरे वाटले. मी अंधारात होतो, पत्र्यावरून थेंब टपकत होते, कुत्र्याने येणे सोडले होते. तरीही बरे वाटले.

पण ओल कुणाची भीड ठेवत नाही. माझ्या पायाला पांढरी बुरशी धरली. मग मी मऊ पडू लागलो, आणि माझ्याबरोबर कोपरा बसू लागला. अगदी हळूहळू. वर स्वयंपाकघराचे दार अडकायला लागले.

"हिवाळ्यात लाकूड फुगतंच," एरास्मो म्हणाला आणि त्याने दाराला रंधा मारला.

उन्हाळा आला. दाराला वर फट पडली, तर त्याने तिथे पट्टी ठोकली. पुढच्या हिवाळ्यात दार पुन्हा अडकले, पुन्हा रंधा. मी खाली खचत होतो आणि तो वर दार तासत होता. माझी एकुलती एक हाक तो दर वर्षी रंध्याने पुसून टाकत होता. एकदा एदिताच्या हातून अंडे निसटून मेजावर पडले आणि गडगडत चुलीकडे निघाले. "बघा, अंड्यालाही ऊब हवीय," ती म्हणाली. दोघे खूप हसले. मला रडता येत असते तर मी रडलो असतो.

शेवटी ऑगस्टमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, वादळाच्या दुपारी माझा पाय दबला. जीव खाऊन धरले होते मी. नाही जमले. जमीन वीतभर खाली गेली, चूल कलली, धुराची नळी निखळली, आणि उकळत्या पाण्याची किटली एदिताच्या डाव्या पावलावर उपडी झाली. तिची ती किंकाळी माझ्या लाकडातून अजून गेलेली नाही. धुरातून एरास्मोने तिला उचलून बाहेर आणले. ओतिलियाबाई धावत आल्या, त्यांनी चूल विझवली आणि तिला आपल्या घरी नेले.

वादळ सरल्यावर एरास्मोने पत्रे उचकटले आणि पोटावर सरपटत आत आला. त्याने मला चाकू टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. तेव्हा तो तिथेच चिखलात डोके टेकून रडला.

मग सारी वाडी मदतीला आली. आमच्याकडे अशा कामाला मजुरी नसते, हाक मारणाऱ्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे असते. पुरुषांनी लांब ओंडक्यांची तरफ लावून कोपरा उचलला. बायकांनी मेंढ्यांची लोकर आणली. ती जमिनीच्या फळ्यांखाली भरून, खालून फळ्या मारून पक्की केली. वाराही खेळता राहिला आणि जमीनही गार राहिली नाही. माझ्या जागी नवा खांब उभा राहिला. माझा खालचा भाग हातातच चुरला.

"हाच तो," एरास्मो दात खाऊन म्हणाला.

"त्याच्यावर कशाला चिडतोस?" ओतिलियाबाई म्हणाल्या. "वरचं लाकूड बघ, लोखंड आहे नुसतं. चुलीला ठेव."

एदिता लंगडत घरी परतली. पण चुलीपाशी येईना. खिडकीशी, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, शाल गुंडाळून बसू लागली.

"इकडं बस ना," एरास्मो म्हणे.

"इथं बरी आहे मी."

तिच्या पायांसाठी त्याने सगळे केले, आणि तेच पाय आता चुलीपासून दूर गारठत होते. मी मागून हे बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या दोघांची तोंडे एकत्र दिसत होती, आणि ती अशी दिसावीत याचे मला फार वाईट वाटे.

आज वसंतातले पहिले ऊन पडले. एदिता उठली आणि तिने मेजावरचा चाकू एरास्मोच्या हातात दिला.

"आधी खाली जाऊन बघून ये. मग बसते."

तो चाकू घेऊन खाली गेला. त्याचे सरपटणे, धापा टाकणे आम्हाला वर ऐकू येत होते. मग नव्या खांबावर चाकूची मूठ वाजली. टक, टक. एदिताने टाच आपटून उत्तर दिले.

तो वर आला तेव्हा केसांत जळमटे आणि कोंबड्यांची पिसे होती. "खुडूक कोंबडी दिसतोस," ती म्हणाली. मग खुर्ची ओढत चुलीपाशी आली, ओव्हनचे दार उघडले आणि तो भाजलेला पाय अलगद आत ठेवला.

मित्रांनो, माझी वेळ झाली असे दिसते. तुमच्या घरातले दार अडू लागले, तर रंधा शोधण्याआधी एकदा खाली वाकून बघा. आणि ज्याच्या डोक्यावर तुमची चूल आहे, त्याला वर्षातून एकदा तरी विचारा, बाबा रे, तू बरा आहेस ना?

"थोडं सरपण घाल," एदिता म्हणाली.

एरास्मोने मला उचलले आणि हातात तोलून बघितले. "हा वाळला असेल का?"

"वाळलाय," ती म्हणाली. "घाल."